उंबरा म्हणजे उंबरा

माझी भिंत ब्याण्णव फूट लांब होती. गोष्ट इथून सुरू होते, आणि इथूनच ती सांगायची मी आजवर टाळत आलो. मणेर गल्लीची फरसबंदी कशी झाली असं कुणी विचारलं, की मी आप्पासाहेबांच्या कर्तबगारीपासून सुरू करायचो, लढाईच्या दिवसांतल्या टंचाईवर यायचो आणि माझ्या भिंतीला वळसा घालून पुढं निघायचो. आता वय झालं. वळसे घालायला पाय राहिले नाहीत.

आमचं गाव प्रवरेच्या काठचं, संगमनेरकडून नेवाशाकडं जाताना लागतं. गाव बेताचं, पण म्युनिसिपालिटीचा तोरा मोठा. चव्वेचाळीस सालापर्यंत मणेर गल्ली ही गल्ली नव्हतीच, दोन्ही अंगांच्या घरांमधला चर होता. चार महिने चिखल आणि आठ महिने फुफाटा. माझं भुसाराचं दुकान पेठेत, पण घर आणि घराला लागून धान्याचं कोठार या गल्लीत. कोठाराचा मोठा दरवाजा मागच्या बोळात उघडायचा. गल्लीच्या बाजूला नुसती भिंत, आणि भिंतीच्या टोकाला माझ्या घराचं एकुलतं एक दार.

भिंतीच्या बरोबर समोर मुबारकबी मणेरणीचं घर. गल्लीला नाव पडलं ते तिच्या सासऱ्याच्या बांगड्यांच्या धंद्यावरून. नवरा अल्लाबक्ष जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, मुलगा लालमहंमद पलटणीत होता, घरात ती आणि सून जरीना. घराला गल्लीकडं दोन दारं. एक राहत्या घराचं, दुसरं बांगड्यांच्या खोलीचं. खोली केवढी, तर दोन सतरंज्या अंथरल्या की भरली. आतून ती घराला जोडलेली होती, मध्ये एक गोणपाटाचा पडदा.

पण त्या दोन दारांचा अर्थ गावातल्या प्रत्येक बाईला पाठ होता. माझी बायको मनकर्णा, पाटलाची सून, जोशांच्या घरातल्या, सगळ्या बांगड्यांच्या खोलीत बिनदिक्कत बसायच्या. मुबारकबीच्या गुडघ्यावर हात ठेवून बांगड्या भरून घ्यायच्या आणि उठताना तिला वाकून नमस्कार करायच्या. शेजारचा उंबरा मात्र कुणी ओलांडत नसे. ते मुसलमानाचं घर, तिथं त्यांची चूल. याला आम्ही विटाळ म्हणत नव्हतो, रीत म्हणत होतो. मुबारकबीला त्याचं काही वाटत नाही असं धरून चाललो होतो. तिला कुणी विचारलं नव्हतं.

तर त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला म्युनिसिपालिटीनं काढलं की गल्लीत दगडी फरशी बसवू, पण निम्मा खर्च आमचा, निम्मा गल्लीतल्या घरमालकांचा. फरशी झाली तर भाव तुमच्याच घरांना येणार, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. ते प्रेसिडेंट होते, आणि मी सभासद. म्हणजे निम्मा देणारा मी आणि निम्मा मागणाराही मीच. मला तेव्हा यात गंमत वाटायची.

नगरहून ओव्हरसियर आला. बारीक चणीचा, चष्म्याचा, पुण्याकडचा माणूस. त्यानं साखळी टाकून दोन दिवस गल्ली मोजली आणि प्रत्येकाच्या दर्शनी बाजूचे फूट एका वहीत उतरवले. जितके फूट तितका वाटा, असा त्याचा हिशेब. माझ्या नावापुढं ब्याण्णव फूट आले आणि पंच्याण्णव रुपये. शेजारच्या काकासाहेबांना सोळा. मी दुकानात गादीवर बसून तो आकडा तीनदा बघितला. पंच्याण्णव रुपयांनी मी काही बुडत नव्हतो, त्या साली भुसाराला भाव कसा होता हे सांगायला नको. पण नुसत्या भिंतीचे पैसे द्यायचे, जिला दार नाही की खिडकी नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. माझा स्वभावच असा. रुपया गेल्याचं मला दुःख नसतं, रुपया दुसऱ्यापेक्षा जास्त गेल्याचं असतं.

मराठी शाळेच्या ओसरीवर गल्लीची बैठक भरली. ओव्हरसियरनं वही वाचली आणि लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणाला फूट कळत नव्हते, कुणाला आपल्या ओट्याचे जास्त धरलेत असं वाटत होतं. मी संधी साधली आणि उभा राहिलो.

म्हटलं, "फुटाचा हिशेब साहेबाचा झाला. आपल्या गावात जत्रेची वर्गणी कशी काढतात? उरसाची कशी काढतात? होळीची? उंबऱ्यागणिक. मग रस्त्यालाच साखळी कशाला? गाव करी ते राव न करी. गल्लीत तेवीस उंबरे आहेत. तेवीस वाटे करा, उंबऱ्याला अठरा रुपये, भांडण नाही आणि तंटा नाही."

तेवीस हा आकडा मीच बोललो, हे ध्यानात ठेवा.

लोकांना ते एकदम पटलं. उंबरा हा शब्दच तसा आहे. गाव किती मोठं, तर अमुक उंबऱ्यांचं. उंबरा म्हणजे घर, चूल, कुटुंब. ज्याची भिंत बारा फूट त्यालाही अठरा रुपये आणि ब्याण्णववाल्यालाही अठराच, हे सरळ गणित त्या शब्दाच्या गोडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. खांबाशी मुबारकबी बसली होती, पदर पुढं ओढून. ती म्हणाली, "शेठ बोलत्यात ते बराबर हाय. उंबऱ्यागनिकच असतंय." तिचं बघून बाकीच्यांनी माना हलवल्या. ठराव झाला. ओव्हरसियरनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वही मिटली, पण फाडली नाही.

आठ दिवसांनी म्युनिसिपालिटीचा कारकून गोरक्षनाथ डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन आला. वसुलीसाठी प्रत्येक उंबऱ्यावर नंबर टाकायचा होता. आमच्या दाराशी तो खाली बसला तशी मनकर्णा बाहेर आली.

"उंबऱ्याला हळदी-कुकू लावत्यात. डांबर कोन लावतंय?"

"सरकारी काम हाय, वहिनी," असं म्हणून त्यानं आमच्या उंबऱ्यावर दहाचा आकडा काढला. मग गल्ली ओलांडून तो मुबारकबीकडं गेला. तिच्या राहत्या घराच्या उंबऱ्यावर अकरा काढला, चार हात सरकला आणि बांगड्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बारा काढला. मी माझ्या दारातून ते बघत होतो. मुबारकबी हसली. म्हणाली, "आरं बाबा, चुकलास. ते बी माजंच हाय."

"म्हनून तर दोन," गोरक्षनाथ म्हणाला.

मी त्याच वेळी गल्ली ओलांडून, मूर्खा, उंबरा म्हणजे घर, पूस तो आकडा, एवढं म्हणायला हवं होतं. डांबर ओलं होतं. पण मी म्हटलं, कारकुनाशी काय बोलायचं, वर बोलू. आपण माणूस आहोत, वेळ आली की बोलू, असं स्वतःला सांगून मी पेठेत गेलो.

गल्लीतही कुणी बोललं नाही, आणि त्याचं कारण साधं होतं. तेविसाचे चोवीस उंबरे झाल्यावर प्रत्येकाचा वाटा अठरावरून सव्वासतरावर आला. काकासाहेबांसारखा देवभोळा माणूस, पण तोही मला म्हणाला, "बारा आने तर बारा आने, सुटले."

दोन दिवसांनी मुबारकबी म्युनिसिपालिटीच्या कचेरीत आली. टेबलापाशी आप्पासाहेब, ओव्हरसियर आणि मी बसलो होतो, गोरक्षनाथ कागद लावत होता. ती दारातच उभी राहिली.

"आप्पासायेब, माजं घर येक हाय. चूल येक हाय. मग उंबरं दोन कशे?"

"लाकडं दोन हायती," गोरक्षनाथ म्हणाला.

"लाकडं मोजायची हुती तर वखारीत जायाचं," ती म्हणाली. आप्पासाहेबांना हसू आलं. ते माणूस वाईट नव्हते, घाईचे होते.

"हे बघा मुबारकबी," ते म्हणाले, "ठराव माझा नाही. राधाकृष्णशेठनी मांडला, सगळ्यांनी केला."

"मग शेठलाच ईचारा की. उंबरा म्हंजी घर का लाकूड? त्यास्नी म्हाईत हाय. हातच्या काकनाला आरसा कशाला?"

आप्पासाहेब माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा शेठ. काय धरायचं?"

एवढा सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. एक शब्द पुरे होता. माझ्या तोंडात तो आलाही होता. तेवढ्यात ओव्हरसियरनं आपली वही उघडली, पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवून शांतपणे म्हणाला, "उंबऱ्याच्या अर्थावरून वाद निघत असेल तर ठरावच मागे घ्यावा. माझं फुटांचं पान तयार आहे." ते पान माझं होतं. ब्याण्णवाचा आकडा मला उलटाही वाचता आला.

मी खाकरलो. म्हणालो, "ठरावात उंबरा असं लिहिलंय. उंबरा म्हणजे उंबरा."

मणेरीण मनगटाकडं एकदा बघते आणि माप ओळखते, हात हातात घ्यायची तिला गरज नसते. तसं मुबारकबीनं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. मग "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. आप्पासाहेबांनी पुढचा कागद ओढला. मी पानाची चंची काढली आणि सुपारी कातरायला लागलो.

तुम्ही म्हणाल, सव्वासतरा रुपयांची गोष्ट, गुपचूप भरून टाकायचे. आलं होतं मनात. पण भरले तर कुणीतरी विचारणार, तुम्ही का भरले? आणि त्या विचारण्याच्या मागं माझी भिंत उभी. दानधर्म करायलाही माणूस स्वच्छ असावा लागतो, नाहीतर दान म्हणजे गुन्ह्याची पावती होते.

मुबारकबीनं एक वाटा भरला, सुनेच्या पायातल्या तोरड्या मोडून. दुसरा भरायला तिच्याकडं काही नव्हतं. लालमहंमदची मनीऑर्डर दोन-दोन महिने यायची नाही. तिनं गवंडी बोलावला आणि बांगड्यांच्या खोलीचं दार चिणून घेतलं. उंबरा उपटला. बाभळीचं जुनं लाकूड, चाळीस वर्षांच्या पावलांनी मध्ये खोलगट झालेलं, त्यावर डांबराचा बारा. तो तिनं भिंतीला टेकवून उभा ठेवला. गोरक्षनाथ आला, मोजून गेला, गल्लीचे उंबरे परत तेवीस झाले आणि प्रत्येकाचा वाटा अठरा. काकासाहेब म्हणाले, "ह्या बाईनं आमचे बारा आने घालवले." मी हसलो. त्याही वेळी मी हसलो, याची आज लाज वाटते.

राहत्या घराचं दार तिनं ठेवलं कारण ते ठेवणं भाग होतं, पाणी-सरपण त्याच दारानं आत यायचं. तिला वाटलं, बाया आता घराच्या दारानं येतील. सहा पावलं आत, मग पडदा, मग तीच खोली, त्याच सतरंज्या.

फरशी झाली. काम मात्र देखणं झालं, खोटं का बोला. दोन्ही अंगांना गटारी, मध्ये काळ्या दगडाची फरशी, गाडीचं चाक कसं सुरसुरत जायचं. आप्पासाहेबांनी नारळ फोडला आणि भाषणात म्हणाले की या गल्लीनं उंबऱ्यागणिक वाटा उचलून जिल्ह्याला धडा घालून दिला. हार माझ्या गळ्यात पडला. तो मी घरात नेला नाही. कोठारात पोत्यांच्या मागं टाकला.

बाया आल्या नाहीत. नाही यायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. जी-ती त्या दारापर्यंत यायची, आत डोकवायची, अकराचा आकडा घातलेला उंबरा बघायची आणि पुन्हा कधीतरी म्हणून वळायची. जोशांच्या घरातल्या आल्या नाहीत, पाटलाची सून आली नाही. माझी मनकर्णाही गेली नाही. दिवाळीत तिनं पेठेतल्या कासाराकडं बांगड्या भरल्या आणि मला म्हणाली, "मुबारकभाबीचं दार का हो बंद झालं?"

"तिला परवडेना," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. खोटं नसलेलं बोलून फसवायची कला मला चांगली अवगत होती.

मुबारकबी तेव्हा पंचावन्नच्या पुढं असेल. तिनं डोक्यावर पाटी घेतली. दिवस उजाडायला ती निघायची, आज या वस्तीवर, उद्या त्या, कधी नेवाशाच्या बाजाराला. नव्या फरशीवर तिच्या वहाणा वाजायच्या. माझ्या दारापुढून जाताना ती रोज म्हणायची, "रामराम, शेठ." आवाजात काही नसायचं. आधी जसं म्हणायची तसंच. मी पहिले काही दिवस रामराम म्हटलं. मग तिच्या वहाणा वाजल्या की मी आत जायला लागलो. पाणी प्यायला, चष्मा शोधायला, काहीही. पन्नाशीचा माणूस, म्युनिसिपालिटीचा सभासद, एका मणेरणीच्या रामरामाला भिऊन परसात जाऊन उभा राहायचा.

दिवाळीनंतर पुढच्या गल्लीच्या फरशीचं काम निघालं. ओव्हरसियरनं फुटांचाच हिशेब मांडला. मी पहिला हात वर केला. त्या गल्लीत माझी भिंत नव्हती.

माघात आमच्या रतनचं लग्न ठरलं. मांडव पडायच्या आधी मनकर्णा म्हणाली, "चुडा भराया मुबारकभाबीला सांगून येते."

"कासाराला बोलवू," मी म्हणालो. "तिचं आता दुकान कुठं आहे?"

"रतनच्या बारशाला काळ्या मनगट्या कुनी घातल्या? माज्या हातात पयला चुडा कुनी भरला? हाय न्हाई दुकान, ती तर हाय."

ती गेली. मी माझ्या दारातून बघत होतो. मनकर्णा मुबारकबीच्या दारापाशी पोचली, थांबली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून बोलायला लागली. मग तिचं बोलणं थांबलं, नुसती मुबारकबीच बोलत राहिली असावी, आणि मनकर्णाची मान हळूहळू खाली गेली. परत आली ती माझ्याकडं न बघता आत गेली आणि लग्नाचे तांदूळ निवडायला बसली. मीही मागोमाग गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो.

"येक ईचारते," ती म्हणाली. "उंबरा म्हंजी घर, का लाकूड?"

"अगं, ठरावात तेव्हा असं..."

"ठराव न्हाई ईचारला."

मी खाली बसलो. म्हणालो, "घर."

"मग कचेरीत का न्हाई बोललात?"

मग मी तिला ब्याण्णव फुटांचं सांगितलं. पंच्याण्णव रुपयांचं, ओव्हरसियरच्या वहीचं, सगळं. तोंडानं पहिल्यांदाच बोललो, आणि बोलताना कळलं की गोष्ट किती तोकडी आहे, पाच वाक्यांत संपली. सत्याहत्तर रुपये वाचवले होते मी. मनकर्णा तांदूळ निवडत राहिली. मला वाटलं आता ती चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"आनि मी बी तुमच्यातलीच," ती म्हणाली. "आठ म्हैनं झालं. सा पावलं आत जायाला मला झालं न्हाई. आत्ता बी भाईरच उभी ऱ्हायले. भाबी या म्हनली न्हाई, तिला म्हाईत हुतं मी येनार न्हाई." तिनं सूप बाजूला ठेवलं. "चुडा आपल्याकडं नगं. समद्या बाया तिच्याकडं न्यायच्या. तिच्या घरात. आनि मान द्याया तुमी यायचं."

आमच्या घरची रीत आहे. चुडा भरल्यावर मणेरणीला खण, नारळ आणि तांदळाचं ताट द्यायचं, ते नवरीच्या बापानं स्वतःच्या हातानं द्यायचं. ते ताट आजवर माझ्याच मांडवात दिलं जायचं. मी म्हणालो, "तुम्ही घेऊन जा ना ताट." मनकर्णानं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आलं असताना चौदा-पंधरा बायका आमच्या दारातून निघाल्या. पुढं मनकर्णा, तिच्या मागं रतन, मग माझ्या दोन बहिणी, शेजारणी. गल्ली ओलांडायला कितीसा वेळ लागतो? पण काकासाहेब ओट्यावर उठून उभे राहिले, गोरक्षनाथ सायकलवरून उतरला. मुबारकबीच्या दाराशी माझी थोरली बहीण अडखळली, म्हणाली, "वहिनी, इथून?" मनकर्णानं तिच्याकडं बघितलंही नाही. पदर सावरला, वाकून त्या उंबऱ्याला हात लावला, हात कपाळाला लावला आणि आत गेली. मग रतन गेली. मग एकेक करून सगळ्या.

मी कोठाराच्या भिंतीला टेकून उभा होतो. आतून बोलण्याचे, मग हसण्याचे आवाज यायला लागले. अर्ध्या तासानं जरीना दाराशी आली आणि एका पोरीच्या हाती निरोप पाठवला, शेठना बोलावलंय. मी ताट घेतलं. नव्या फरशीवरून चालताना माझ्या जोड्यांचा आवाज मला फार मोठा वाटला.

दार ठेंगणं होतं. मी मान वाकवून पाय उचलला आणि आतून मुबारकबीचा आवाज आला, "जपून या, शेठ. उंबरा हाय."

कुणीही नव्या माणसाला म्हणतं तसं ती म्हणाली. टोचून म्हणाली की सहज, हे मी आज इतक्या वर्षांनीही ठरवू शकलेलो नाही.

मी आत गेलो. सहा पावलंच होती. पडदा वर खोचलेला. सतरंजीवर मुबारकबी बसली होती आणि तिच्या गुडघ्यावर रतनचा हात. चिणलेल्या दाराच्या जागी आतून कोनाडा राहिला होता, आणि त्या कोनाड्यात फळीसारखा तो जुना उंबरा आडवा बसवलेला. त्याच्यावर हिरव्या, लाल, मोतिया बांगड्यांच्या माळा रचलेल्या. डांबराचा बारा समोरच होता. तिनं तो पुसला नव्हता, झाकलाही नव्हता.

मला ताट ठेवून निघता आलं असतं. बायका आपापसांत बोलत होत्या, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पण तो आकडा बघून मी तिथंच उभा राहिलो.

"मुबारकबी," मी म्हणालो, "हे दार मी उघडून देतो. उद्या गवंडी पाठवतो."

"आता कशाला?" ती म्हणाली. "बाया आत याया लागल्या की."

"ते नाही." माझा आवाज चढला असावा, कारण बायका वळून बघायला लागल्या. रतन माझ्याकडं बघत होती. "उंबरा म्हणजे घर. मला तेव्हाही माहीत होतं."

मुबारकबीनं हिरव्या बांगड्या हातात घेतल्या, मोजल्या, रतनची बोटं आपल्या मुठीत जुळवली. वर बघितलं नाही.

"मला बी म्हाईत हुतं, शेठ," ती म्हणाली, "की तुमाला म्हाईत हाय. म्हनून तर तुमाला ईचारलं. ज्याला म्हाईत न्हाई त्याला कोन ईचारतंय?"

माझी बहीण खाली बघत होती, मनकर्णाही. ताट माझ्या दोन्ही हातांत होतं आणि ते कुठं ठेवायचं हे मला सुचत नव्हतं. रतनचा हात मध्येच ताठला असावा, कारण मुबारकबी थांबली आणि तिनं तिच्या मनगटावर हळूच थोपटलं.

"हात ढिला सोड, पोरी," ती म्हणाली. "आवळून धरलास तर काकन वाढंल."